कंपाउंड म्हणजे नक्की काय जोडलंय?

स्वयंपाकघरातली हिंगाची डबी उलटी करा आणि मागची बारीक इंग्रजी अक्षरं वाचा. बहुतेक डब्यांवर 'कंपाउंडेड असाफोटिडा' असं छापलेलं असतं. पुष्कळांना ते हिंगाचं शास्त्रीय नाव वाटतं. तसं काही नाही. डबीत निव्वळ हिंग नाही, एवढंच ते सांगतंय. अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानाकडून येणारा हिंगाचा चीक इतका उग्र असतो की तो तसाच फोडणीत टाकला तर घरातली माणसं अंगणात जाऊन बसतील. म्हणून त्यात खाण्याचा डिंक आणि गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ मिसळतात. बाजारात त्याला बांधणी हिंग म्हणतात आणि अन्नसुरक्षेच्या नियमांत त्याला मान्यता आहे, तेव्हा ही काही भेसळ नव्हे. पण घरात कुणाला गव्हाच्या ग्लुटेनचा त्रास असेल तर हा एक शब्द वाचायला शिकलेलं बरं. हिंगाच्या चिमटीतून गहू पोटात जातो हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

हाच कंपाउंड शब्द जळगावच्या एमआयडीसीत पाइप बनवणाऱ्या कामगाराच्या तोंडी असतो. बँकेत मुदत ठेवीच्या कागदावर असतो, हाडाच्या डॉक्टरच्या केसपेपरवर असतो, धुळ्याच्या कोर्टात वकिलाच्या बोलण्यात असतो. आणि चोपडा-यावलच्या एखाद्या शेतकऱ्याला विचारलं तर कंपाउंड म्हणजे कुंपण, दुसरं काय! अमळनेरला स्पर्धा परीक्षेची पोरं माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात, त्यांची तक्रार नेहमीची: एका शब्दाचे इतके अर्थ पाठ कसे करायचे? पाठ करायची गरज नाही. शब्दाचं मूळ लॅटिन आहे. 'कॉम' म्हणजे एकत्र, 'पोनेरे' म्हणजे ठेवणे. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हा त्याला शेवटचा 'ड' नव्हता, तो नंतर चिकटला. म्हणजे मूळ अर्थ 'एकत्र ठेवलेलं' इतकाच. पुढे जिथे जिथे हा शब्द भेटेल तिथे दोन गोष्टी विचारायच्या. काय काय एकत्र आलं? आणि आलेलं पुन्हा सुटं करता येईल का? बहुतेक अर्थ या दोन प्रश्नांत उलगडतात. एक उलगडत नाही, त्याच्याकडे नंतर येतो.

शाळेत कंपाउंड पहिल्यांदा रसायनशास्त्राच्या तासाला भेटतो. मराठीत त्याला संयुग म्हणतात आणि मिश्रणापासून त्याला वेगळं ओळखणं हाच त्या धड्याचा सगळा सार असतो. आपल्याकडचा कळणा घ्या. ज्वारी आणि उडीद एकत्र दळले की कळण्याचं पीठ होतं. भरीत आणि कळण्याची भाकरी हा बेत ठरला की कुणाच्या घरी उडीद जास्त, कुणाच्या घरी कमी. प्रमाण काहीही ठेवा, कळणा तो कळणाच. त्यात ज्वारीची चव ज्वारीची राहते आणि उडदाचा चिकटपणा उडदाचा. हे मिश्रण. संयुगात असली मोकळीक नसते. लोखंडाचा कीस आणि गंधक नुसते एकत्र केले तर लोहचुंबक फिरवून कीस अलगद बाहेर काढता येतो. तेच तापवले की आयर्न सल्फाइड नावाचा काळपट पदार्थ तयार होतो. आता चुंबक कितीही फिरवा, लोखंड सुटून येत नाही. शिवाय निसर्ग इथे काटेकोर हिशेब ठेवतो: वजनाने 7 भाग लोखंडाला 4 भाग गंधक. तुम्ही 10 ग्रॅम लोखंड आणि 4 ग्रॅम गंधक घेतलं तर 3 ग्रॅम लोखंड तसंच उरेल. संयुगातली प्रमाणं ठरलेली असतात हे फ्रान्सच्या जोसेफ प्रूस्टने अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडलं, तेव्हा त्याच्याच देशातल्या नामवंत रसायनशास्त्रज्ञाने त्याच्याशी बरीच वर्षं वाद घातला. शेवटी प्रूस्टचं म्हणणं टिकलं.

संयुगात घटकांचा स्वभावही उरत नाही. सोडियम पाण्यात पडला की भडकतो, क्लोरीन विषारी वायू आहे, आणि दोघांचं संयुग म्हणजे आपण ठेच्यात टाकतो ते मीठ.

हा फरक कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर पैशात मोजला जातो. डीएपीच्या गोणीवर 18:46 लिहिलेलं असतं, म्हणजे 18 टक्के नत्र आणि 46 टक्के स्फुरद. तिथे नत्र आणि स्फुरद एकाच रासायनिक संयुगात बांधलेले आहेत. 10:26:26 मध्ये पालाशही आहे, आणि कारखान्यात ते अशा रीतीने बनवतात की प्रत्येक दाण्यात तिन्ही अन्नद्रव्यं यावीत. याला संयुक्त खत म्हणतात, इंग्रजीत कॉम्प्लेक्स. याउलट वेगवेगळी सरळ खतं, म्हणजे एकेकच मुख्य अन्नद्रव्य असलेली खतं, नुसती एकत्र कालवून भरली तर ते मिश्र खत. त्यात दाण्यांचे आकार वेगवेगळे असले तर ट्रॅक्टरच्या धक्क्यांनी गोणीतल्या गोणीतच जड-बारीक दाणे खाली आणि मोठे वर असे थर पडू शकतात. मग केळीच्या एका खोडाला पालाश जास्त मिळतं आणि शेजारच्याला नत्र. फेकण्याआधी खत पुन्हा कालवून घ्या असं जुने लोक सांगतात त्याचं कारण हेच.

गंमत अशी की व्याकरणाच्या तासाला हीच नावं उलटी पडतात. इंग्रजीतलं कंपाउंड वाक्य म्हणजे आपलं संयुक्त वाक्य: 'पाऊस आला आणि लाइट गेली.' दोन्ही वाक्यं बरोबरीची, मधला 'आणि' काढला तरी दोघं आपापल्या पायांवर उभी. कॉम्प्लेक्स वाक्य म्हणजे आपलं मिश्र वाक्य: 'पाऊस आला की लाइट जाते.' इथे एक वाक्य दुसऱ्यावर टेकलेलं आहे. म्हणजे शेतीत कॉम्प्लेक्सला संयुक्त म्हणायचं, व्याकरणात मिश्र. परिभाषा ठरवणाऱ्या समित्यांची एकमेकांशी गाठ पडली नसावी. परीक्षेत पोरांचे मार्क जातात ते इथे.

जळगावच्या कारखान्यांत कंपाउंड या शब्दाला आणखी एक वळण मिळालं आहे. पीव्हीसीचं रेझिन म्हणजे पांढरी पावडर. ती एकटी यंत्रात घातली तर उष्णतेने करपते, धड पाइप होत नाही. म्हणून तिच्यात उष्णता सोसायला स्टॅबिलायझर, सरकायला मेणासारखं वंगण, आणि खडूच्या जातीचं कॅल्शियम कार्बोनेट हे फिलर घालून गरम मिक्सरमध्ये घुसळतात. त्या तयार मालाला कंपाउंड म्हणतात. रसायनशास्त्राच्या कसोटीवर हे मिश्रणच आहे, पण कारखान्यात तुम्ही हे सांगायला जाऊ नका, कुणी ऐकणार नाही. पाइपची सगळी जात या कंपाउंडवर ठरते. फिलर स्वस्त असतो, तो वाढवला की पाइप स्वस्त पडतो आणि ठिसूळही होतो. वजनाला भरतो, पण एप्रिल-मेच्या उन्हात बांधावर पडून राहिलेला असा पाइप बैलाचा पाय पडला तरी तडकतो. तारेचं मऊ आवरण आणि चपलेचा तळवा हेसुद्धा पीव्हीसीच, फक्त त्यांच्या कंपाउंडमध्ये मऊपणा आणणारं तेलासारखं द्रव्य असतं. ठिबकची नळी वेगळ्या प्लास्टिकची, पॉलिथिनची. ती काळी असते ती दिसायला बरी म्हणून नव्हे. तिच्यात दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक, म्हणजे बारीक काजळी, मिसळलेली असते. ही काजळी उन्हातले अतिनील किरण स्वतः शोषते आणि नळीचं आयुष्य वाढवते. पंचेचाळीस अंशांच्या भुसावळ-रावेर पट्ट्यात ती नसती तर नळ्या दोन हंगामांत भुगा झाल्या असत्या.

आता पैशाकडे. माझ्या मते या शब्दाचा सगळ्यात महाग अर्थ हा, आणि मराठीत त्याला फार सुरेख नाव आहे: चक्रवाढ. कंपाउंड इंटरेस्टमध्ये एकत्र काय येतं? व्याज मुदलात येऊन मिसळतं. एकदा मिसळलं की ते मुद्दलच होतं, त्याला वेगळं काढता येत नाही, आणि पुढच्या वेळी त्यालाही व्याज फुटतं. दहा हजार रुपये 10 टक्क्यांनी 3 वर्षं ठेवले तर सरळ व्याजाने 13,000 होतात आणि चक्रवाढीने 13,310. फरक 310 रुपयांचा. एवढ्याशा फरकाला कोण विचारतो, असं वाटतं. म्हणून तर लोक फसतात.

दर आणि मुदत वाढवा, शिवाय व्याज किती वेळा मुदलात मिळवतात ते बघा. एक लाखाची ठेव, 8 टक्के, 5 वर्षं. सरळ व्याजाने 1,40,000. वर्षातून एकदा चक्रवाढ केली तर 1,46,933. आपल्याकडच्या बँका साधारणपणे दर तिमाहीला व्याज मिळवतात, त्या हिशेबाने 1,48,595. म्हणून दोन पतसंस्थांचे दर सारखे दिसले तरी 'व्याज कधी मिळवता?' हे विचारल्याशिवाय तुलना पुरी होत नाही.

ठेवीत चक्रवाढ गोड लागते, कर्जात तीच गळ्याशी येते. खाजगी उसनवारीत दर वर्षाचा सांगत नाहीत, महिन्याचा सांगतात: 'शेकडा तीन.' ऐकायला तीन म्हणजे किती कमी! पन्नास हजार घेतले आणि व्याज फक्त सरळ धरलं तरी वर्षाला 18,000 होतात, म्हणजे 36 टक्के. न दिलेलं व्याज दर महिन्याला मुदलात धरलं तर तेच 21,288 होतं. आणि दोन वर्षं काहीच न देता गेली तर नुसतं व्याज 51,640 होतं, मुदलापेक्षा जास्त. कागद-पेन नसेल तर 72 चा ठोकताळा वापरा: 72 ला दराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला लागणारा काळ मिळतो. महिना 3 टक्के असेल तर 24 महिने. वर्षाला 8 टक्के असेल तर 9 वर्षं. ठोकताळा आहे, पै-पैचा हिशेब नाही, पण सही करण्याआधी मनात करून बघायला पुरेसा आहे.

इथे आपल्या मुलखातला एक जुना शहाणपणा आहे, दामदुपट. एका वेळी वसूल करायचं व्याज मुदलापेक्षा जास्त असता कामा नये, हा हिंदू कायद्यातला नियम. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनीही तो मानला, आणि खानदेश मुंबई इलाख्यातच होता. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्यातही सावकाराला मुदलाहून जास्त व्याज वसूल करता येत नाही. म्हणजे वरच्या उदाहरणात दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस सावकाराने मागितलेला आकडा कायद्याच्या रेषेपलीकडे गेलेला आहे. बँकेच्या पीककर्जाचंही लक्षात ठेवण्यासारखं आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत मुदतीत असलेल्या पीककर्जावर व्याजावर व्याज लावू नये असं सांगितलेलं आहे. कर्ज थकलं की मात्र बँकेला ते मुदलात मिळवता येतं. म्हणून परतफेडीची तारीख चुकवणं आणि नुसता व्याजाचा दर जास्त असणं, यांत पहिलं जास्त बोचतं.

'चक्रवाढ म्हणजे जगातलं आठवं आश्चर्य' असं एक वाक्य आइन्स्टाईनच्या नावावर व्हॉट्सअॅपवर फिरत असतं. त्याने ते म्हटल्याचा पुरावा नाही. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत मात्र खरोखर कामाची एक संज्ञा असते: सीएजीआर, चक्रवाढ पद्धतीने काढलेला वार्षिक वाढीचा दर. तो का लागतो ते बघा. शंभर रुपये पहिल्या वर्षी 50 टक्के वाढून दीडशे झाले आणि दुसऱ्या वर्षी 50 टक्के पडले. सरासरी काढली तर शून्य, म्हणजे काही गेलं नाही असं वाटेल. हातात उरले 75. चक्रवाढ दर वर्षाला उणे 13.4 टक्के येतो, आणि खरं तोच सांगतो.

कोर्टात गेलं की शब्दाचा स्वभाव एकदम मवाळ होतो. 'हा गुन्हा कंपाउंडेबल आहे' असं वकील म्हणाला तर अशील घाबरतो, त्याला वाटतं गुन्हा आणखी वाढला. अर्थ बरोबर उलटा आहे. इथे दोन्ही पक्ष एकत्र बसतात आणि भांडण मिटवतात, म्हणजे तडजोड. बांधावरून शेजाऱ्यांची झटापट झाली, किरकोळ मार बसला, केस उभी राहिली. पुढे गावातल्या चार माणसांनी समजूत घातली तर ज्याला मार लागला त्याला ती मिटवता येते. कोणते गुन्हे असे मिटवता येतात त्याची यादी कायद्यात आहे. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 320 मध्ये होती, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्ये आहे. काही गुन्हे पक्षकार आपसात मिटवू शकतात, काहींना कोर्टाची परवानगी लागते, आणि खून-बलात्कारासारखे गुन्हे यादीत नाहीतच. तिथे पंचांनी कितीही पैसे ठरवून दिले तरी केस संपत नाही. उलट नियमाप्रमाणे तडजोड झाली की तिचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच असतो. नोकरीच्या अर्जात 'गुन्हा दाखल होता का' हा रकाना भरताना पोरं गोंधळतात तेव्हा हा बारकावा वकिलाकडून समजून घ्यावा.

वाहतूक पोलिसाने चलान फाडलं आणि तुम्ही जागेवर पैसे भरले, तेही कंपाउंडिंगच. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 200 खाली ठराविक रक्कम भरून प्रकरण तिथेच मिटवता येतं. दारू पिऊन गाडी चालवणं त्या कलमात बसत नाही, त्याला कोर्टाची पायरी चढावीच लागते. अनधिकृत बांधकाम दंड घेऊन नियमित करतात त्यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे, सरकारी मराठीत प्रशमन. शमवणं, निववणं. कारकुनी भाषेला आपण नेहमी नावं ठेवतो, पण हा शब्द ज्याने निवडला त्याला इंग्रजी शब्दातला मिटवण्याचा अर्थ नेमका कळला होता.

याच घरातला आणखी एक शब्द किराणा दुकानदाराच्या रोजच्या वापरात आहे: जीएसटीतली कंपोझिशन स्कीम. कंपोझिशन म्हणजे रचना, निबंध असं शाळेत शिकलेलं असतं, त्यामुळे करात निबंध कुठून आला हे कळत नाही. हा तोच तडजोडीचा अर्थ आहे. लहान व्यापारी आणि सरकार यांच्यात जणू समेट होतो: बिलाबिलाचा किचकट हिशेब नको, उलाढालीवर ठराविक टक्के भर आणि मोकळा हो. मराठीत तिला आपसमेळ योजना म्हणतात. मालाच्या व्यापाऱ्यासाठी साधारणपणे वर्षाला दीड कोटीपर्यंतची उलाढाल, दर 1 टक्का. खानावळीला 5 टक्के. बदल्यात त्याला खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही आणि गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. म्हणून शेवभाजीच्या हॉटेलात पाटीवर 'कंपोझिशन' लिहिलेलं असेल आणि बिलात तरीही जीएसटीची ओळ वेगळी लावलेली असेल, तर गल्ल्यावर शांतपणे विचारा.

आता तो उलगडत नाही असा अर्थ. 'भो, कंपाउंडमा ढोरे घुसनात!' यातला कंपाउंड. इथे काय एकत्र आलं? काहीच नाही. कारण हा शब्द त्या लॅटिन घराण्यातला नव्हेच. मलाय भाषेत कांपुंग म्हणजे वस्ती, वाडी. मलेशिया-इंडोनेशियात गावांच्या नावांत तो आजही आहे. पूर्वेकडच्या बंदरांत युरोपीय व्यापाऱ्यांच्या वखारी आणि घरं एका आवारात असत, त्या आवाराला ते कांपुंग म्हणू लागले. इंग्रजांच्या तोंडी त्याचा कंपाउंड झाला, कारण त्यांच्याकडे तसा आवाजाचा शब्द आधीच होता. तिथून तो हिंदुस्थानात आला. हे सगळ्यात जास्त पटणारं मत. 1886 साली निघालेल्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशातही या शब्दावर लांबलचक चर्चा आहे आणि पोर्तुगीज मुळाचाही विचार केलेला आहे. म्हणजे साहेबाच्या बंगल्याचं आवार ते कंपाउंड. आपण पुढे आवार सोडून दिलं आणि त्याभोवतीच्या भिंतीलाच कंपाउंड म्हणायला लागलो. इंग्रजी 'कंपाउंड वॉल' आपल्याकडे 'वॉल कंपाउंड' झालं. इंग्लंडात जाऊन कुणाला 'कंपाउंडवर चढू नकोस' सांगितलं तर त्याला काय चढायचं ते कळणार नाही. सातपुड्याच्या पायथ्याला रानडुकरांसाठी लावलेली झटका तारही आपल्याकडे कंपाउंडच. जाता जाता: इंग्रजीत नुसत्या 'पाउंड'चा एक अर्थ कोंडवाडा आहे. मोकाट गुरांसाठी 1871 चा कायदा झाला त्यात हाच शब्द आहे. पण त्याचंही आपल्या कंपाउंडशी नातं नाही, आणि ब्रिटिश नाण्याशीही नाही.

दवाखान्यात हा शब्द दोन वेळा भेटतो. पूर्वी डॉक्टर चिठ्ठी लिहायचा आणि आतल्या खोलीत खलबत्ता, काट्याची तराजू घेऊन बसलेला माणूस औषधं कालवून बाटलीत भरायचा, बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. तो औषधं कंपाउंड करायचा म्हणून कंपाउंडर. फार्मसीचा 1948 चा कायदा आला, गोळ्या कारखान्यातून पाकिटबंद येऊ लागल्या, कालवण्याचं काम संपलं. नाव मात्र उरलं. गावाकडे आजही डॉक्टरच्या हाताखाली केसपेपर काढणाऱ्या पोराला लोक कंपाउंडर म्हणतात, जरी त्याने आयुष्यात काही कालवलेलं नसलं तरी.

दुसरा शब्द कंपाउंड फ्रॅक्चर. हाडाचे तुकडे-तुकडे झाले, असा त्याचा अर्थ पुष्कळ लोक धरतात. तो अर्थ चुकीचा आहे. हाड मोडलं आणि त्या जागी कातडीही फाटून जखम बाहेर उघडी झाली, म्हणजे मोडणं आणि जखम एकत्र, ते कंपाउंड. आजकालचे डॉक्टर सरळ ओपन फ्रॅक्चर म्हणतात. यात जंतू हाडापर्यंत पोचण्याचा धोका असतो, म्हणून बाहेर आलेलं हाड आत दाबायचं नाही, माती-हळद लावायची नाही, स्वच्छ कापड झाकून, अवयव न हलवता दवाखाना गाठायचा. हाडवैद्याकडे चोळायला नेण्याची ही वेळ नव्हे.

झाडापानांत आणि किड्यांत अर्थ सोपा आहे. गुलाबी बोंडअळीच्या पतंगाचा डोळा हजारो बारीक डोळ्यांचा बनलेला असतो, तो कंपाउंड डोळा. कापसाचं पान साधं, कापसाच्या ओळींत घेतलेल्या तुरीचं संयुक्त: तीन पर्णिका मिळून एक पान. कडुनिंब, चिंच, शेवगा यांचीही पानं संयुक्त. ओळखायची खूण अशी की पानाच्या देठाच्या बेचक्यात कळी असते, पर्णिकेच्या बेचक्यात नसते. 'सोयाबीन किती पानांवर आहे' या प्रश्नाचं उत्तर देताना पर्णिका मोजल्या तर आकडा तिपटीने फुगतो.

राहिलं इंग्रजी बोलणं. क्रियापद म्हणून हा शब्द बातम्यांत येतो तेव्हा बहुतेक वेळा वाईटावर वाईट चढल्याचं सांगतो: आधीच दुष्काळ, त्यात खतांची टंचाई, तिने संकट 'कंपाउंड' केलं. चांगल्या गोष्टींसाठी हे क्रियापद सहसा पैशाच्या संदर्भातच वापरतात. म्हणजे कोर्टात कंपाउंड केलं की भांडण मिटतं आणि वर्तमानपत्रात कंपाउंड झालं की चिघळतं. कोण बोलतंय ते पाहून अर्थ लावायचा. कोर्टातल्या अर्थाला आणखी एक काळी बाजू आहे. पैसे घेऊन गंभीर गुन्ह्याची तक्रारच न करणं, यालाही जुन्या इंग्रजी कायद्यात कंपाउंडिंग म्हणत, आणि तो स्वतःच गुन्हा होता.

उच्चारही बदलतो. नाम किंवा विशेषण असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, 'कॉम्-पाउंड'. क्रियापद असेल तर दुसऱ्यावर, 'कम्-पाउंड'. इंग्रजी जोडशब्दांतही जोरावर अर्थ फिरतो. 'ग्रीनहाउस'मध्ये जोर पहिल्या भागावर पडला तर ते फुलं-ढोबळी मिरची पिकवायचं हरितगृह. दोन्ही भाग सुटे म्हटले, जोर 'हाउस'वर दिला तर ते नुसतं हिरव्या रंगाचं घर. असे जोडशब्द लिहिताना कधी एकत्र, कधी मध्ये रेघ, कधी सुटे लिहितात. त्याला पक्का नियम नाही, इंग्रज स्वतःही शब्दकोश उघडून बघतात, तेव्हा मुलाखतीला जाणाऱ्या पोरांनी त्याची लाज बाळगू नये.